खाण मिटली, धूळ उरली



मूल शाळेत मागे पडू लागले म्हणजे घरोघरी त्याची कारणे शोधली जातात. कोणी म्हणतो, पोर आळशी आहे; कोणी म्हणतो, लाडाने बिघडले; आजी म्हणते, कोणाची तरी दृष्ट लागली. गुरुजी बाकावर उभे करतात, घरी बाप कान पिळतो. दोष कोणाचाही असो, शिक्षा पोराला होते. परंतु ते मूल ज्या अंगणात खेळते तेथील माती कशी आहे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. जगात अशी काही गावे आहेत की जेथे हा प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा होता, आणि तो फार उशिरा विचारला गेला. ही गावे शिशाच्या बंद पडलेल्या खाणींच्या शेजारची होत. त्यांपैकी दोहोंची हकीकत आज सांगावयाची आहे. एक आहे अमेरिकेतील पिचर, व दुसरे आफ्रिकेतील काब्वे.

आरंभी शिशाविषयी थोडे. हा धातू माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तो मऊ, जड आणि सहज वितळणारा. म्हणून पाण्याचे नळ, बंदुकीच्या गोळ्या, छापखान्यातील खिळे, भिंतींचे रंग, आणि आजच्या काळी मोटारींच्या बॅटऱ्या अशा कितीतरी कामी तो आला. जमिनीत तो बहुधा शुद्ध रूपात आढळत नाही. गंधकाशी संयोग पावलेला, आणि पुष्कळदा जस्ताच्या सोबतीने, तो खडकात दडलेला असतो. तो मिळवावयाचा तर खडक फोडावा लागतो, दळावा लागतो, धुऊन चाळावा लागतो. एवढे सोपस्कार झाल्यावर धातूचा अंश भट्टीकडे जातो, आणि उरलेला भुगा खाणीच्या तोंडाशी ढीग होऊन पडतो. त्या भुग्यातून सारे शिसे निघून गेलेले नसते. भट्टीच्या धुरातूनही त्याचे सूक्ष्म कण उडतात आणि आसपासच्या शेतांवर, छपरांवर, वाटांवर बसतात. पालापाचोळा कुजतो, शेणाचे खत होते, लाकडाला वाळवी खाते; शिसे मात्र मूलद्रव्य असल्यामुळे कुजत नाही व नाश पावत नाही. खाणीचे फाटक बंद झाले, मजूर पांगले, यंत्रे गंजली, तरी ते जेथे पडले तेथेच पिढ्यान्‌पिढ्या राहते.

आता पिचरची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्वापॉ नावाच्या आदिवासी जमातीच्या भूमीवर, १९१३ च्या सुमारास शिसे व जस्त यांचा विपुल साठा सापडला आणि पाहता पाहता गाव उभे राहिले. १९२६ च्या सुमारास तेथे चौदा हजारांवर वस्ती होती. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांत बंदुकीच्या गोळ्यांसाठी लागणारे पुष्कळसे शिसे याच परिसराने पुरविले. १९७० च्या सुमारास खनिज संपत आले व खाणी बंद झाल्या. मागे राहिले ते धुऊन टाकलेल्या बारीक खडीचे कोट्यवधी टनांचे ढीग. काही ढिगांची उंची साठ मीटरांपर्यंत होती. सपाट माळरानावर ते डोंगरांसारखे दिसत.

गावकऱ्यांना त्या ढिगांचे भय वाटले नाही. उलट ते त्यांना आपले वाटत. मुले त्यांवरून घसरगुंडी खेळत, सायकली दामटीत. सुट्टीच्या दिवशी कुटुंबे तेथे फराळाचे डबे घेऊन जात. ही खडी स्वस्त आणि हाताशी होती. म्हणून ती रस्त्यांवर पसरली, अंगणात टाकली, शाळांच्या मैदानांवर अंथरली. लहानग्यांना खेळावयास वाळूचा चौकोन करावा, तर त्यातही हीच खडी बापाने हौसेने आणून ओतली. विष घरी आले ते असे, बापाच्या हाताने.

पहिली सूचना पाण्याने दिली. खाणी चालू असताना आतील पाणी पंपाने उपसले जाई. पंप थांबल्यावर भुयारे पाण्याने भरत गेली, आणि १९७९ मध्ये ते पाणी जमिनीवर येऊन टार क्रीक नावाच्या ओढ्यात मिसळू लागले. ओढा तांबडा झाला, त्यातील मासळी मेली. १९८३ मध्ये अमेरिकन सरकारने हा परिसर देशातील अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत घातला. तरीसुद्धा पुढील काही वर्षे सर्वांचे लक्ष ओढ्याकडे राहिले, अंगणाकडे गेले नाही. १९९४ मध्ये तेथील आदिवासी मुलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ३५ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण त्या काळच्या इशाऱ्याच्या पातळीहून अधिक आढळले. ती पातळी होती दर डेसिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम. डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्या अल्प मात्रेची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा. इतकी वर्षे जी मुले अभ्यासात मागे राहिली, ज्यांचे चित्त पुस्तकात लागत नसे, त्यांच्याकडे आता लोक निराळ्या नजरेने पाहू लागले.

शिशाने असे का व्हावे? शरीराला लोह लागते, चुना म्हणजे कॅल्शियम लागते, जस्तही लागते. शिशाची मात्र शरीराला कणभरही गरज नाही. पण शरीर फसते. शिशाला ते कॅल्शियम समजून रक्तात घेते, आणि पुढे हाडांत व दातांत साठवून ठेवते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग रक्तात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. त्यातून लहान मूल रांगते, जमिनीवर बसते, धुळीचे हात तोंडात घालते, पडलेला खाऊ उचलून खाते. ज्या वयात मेंदूची घडण चाललेली असते, नेमक्या त्याच वयात हे विष तेथे पोहोचते. बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष एका जागी ठरत नाही, स्वभाव चिडखोर होतो, बोलणे व वाचणे उशिरा येते. मेंदूची अशी झालेली हानी पुढे भरून येत नाही, असे वैद्यकशास्त्र मानते. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे.

यातील कठीण भाग असा की आरंभी काहीच दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही, खोकला नाही. पुढे मात्रा वाढली म्हणजे पोटात कळा येतात, मलावरोध होतो, भूक मरते, रक्त कमी होऊन चेहरा फिकट पडतो. मात्रा फारच चढली तर आकडी येते, शुद्ध हरपते, आणि मृत्यूही ओढवतो. मोठ्या माणसांत रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडे बिघडतात. स्त्रियांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. बालपणी हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते आणि पोटातील गर्भापर्यंत जाते. खाणीचे गाव सोडून सासरी दूर गेलेल्या मुलीबरोबर ती धूळ अशा रीतीने तिच्या लेकरापर्यंत जाऊ शकते.

पिचरच्या लोकांना निदान निघून जाता आले. आधी सरकारने अंगणांतील वरची माती खरवडून काढली आणि तिच्या जागी स्वच्छ माती आणून घातली. हे काम १९९५ च्या सुमारास सुरू झाले व त्या परिसरातील दोन हजारांहून अधिक जागी करण्यात आले. पुढे मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण पुष्कळ उतरले. मात्र २००६ मध्ये दुसरे संकट उघड झाले. गावाखालची जमीन खाणींनी पोखरून काढली असल्यामुळे बहुतेक इमारती खचण्याचा धोका आहे, असे पाहणीत दिसले. सरकारने घरे विकत घेऊन कुटुंबांना इतरत्र हलविण्यास आरंभ केला. १० मे २००८ रोजी वावटळीने गावाला झोडपले आणि माणसे दगावली. सप्टेंबर २००९ मध्ये गावाची नगरपालिका विसर्जित झाली. जेथे चौदा हजार माणसे नांदली, तेथे २०१० च्या खानेसुमारीत अवघी वीस उरली होती.

ज्यांना गाव सोडून जाणे शक्य नाही, त्यांचे काय होते? याचे उत्तर काब्वे देते. झांबिया देशाची राजधानी लुसाका हिच्या उत्तरेस सुमारे १४० किलोमीटरांवर हे शहर आहे. इंग्रजांच्या अमलात त्याचे नाव ब्रोकन हिल होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शिसे व जस्त यांची खाण सुरू झाली. १९२१ मध्ये याच खाणीत आदिमानवाची एक प्रसिद्ध कवटी सापडली, म्हणून शास्त्रज्ञांच्या जगात हे नाव अजूनही घेतले जाते. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, पुढे खाण सरकारच्या ताब्यात आली, आणि १९९४ मध्ये ती बंद झाली. नव्वद वर्षांच्या धुराचा व भुग्याचा वारसा मात्र कासांडा, चोवा, माकुलुलू अशा वस्त्यांना मिळाला.

तेथील रस्ते बहुतांशी कच्चे. कोरड्या ऋतूत वारा सुटला की खाणीकडील धूळ उडून घरांत शिरते, भांड्यांवर बसते, अंथरुणांत मुरते. खाणीपासून एक कालवा वस्त्यांमधून वाहत जाई व पुराच्या वेळी गाळ अंगणांत आणून टाकी. जुन्या कचऱ्याच्या काळ्या ढिगावर गरीब माणसे आजच्या काळातही पोटासाठी खडी फोडतात, उरलासुरला धातू वेचतात; त्यांत बायका आहेत, मुलेही आहेत. एका आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शास्त्रज्ञांच्या अभ्यासांचा आधार घेऊन, असे नमूद केले की खाणीलगतच्या वस्त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आहे आणि सुमारे निम्म्या मुलांना तातडीच्या उपचारांची गरज आहे. खाण बंद होऊन तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती. या मुलांपैकी एकानेही ती चालू असलेली पाहिली नव्हती.

तेथे काहीच झाले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २००३ ते २०११ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने कालव्याची सफाई झाली, काही अंगणे स्वच्छ करण्यात आली. २०१६ मध्ये दुसरी योजना मंजूर झाली व मुलांची तपासणी आणि औषधोपचार हाती घेण्यात आले. रक्तातील शिशाला धरून ते लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले तर ती द्यावयाची असतात. परंतु औषध घेऊन मूल घरी येते, आणि घर तर त्याच धुळीत आहे. फुटक्या घागरीत पाणी भरावे तसा हा प्रकार होतो. माती जशीच्या तशी राहिली तर काही महिन्यांत रक्त पुन्हा पूर्वपदावर जाते. म्हणून या प्रश्नावर काम करणारे डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: मुलावर उपचार करावयाचा तर त्याच्या अंगणावरही करावयास हवा. ढीग झाकले पाहिजेत, माती बदलली पाहिजे, रस्ते पक्के झाले पाहिजेत. हे काम एखाद्या आईचे नाही. ते सरकारचे, आणि ज्यांनी खनिज विकून पैसा मिळविला त्यांचे आहे.

तरीही माती बदलेपर्यंत मुलांना वाढावयाचेच असते, म्हणून घरात जे करता येते तेही सांगितले पाहिजे. खाण्यापूर्वी व निजण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. केरसुणीने कोरडा केर काढला तर धूळ उडून पुन्हा खाली बसते. त्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. वहाणा दाराबाहेर काढाव्यात. खाणीवर किंवा भट्टीवर काम करणाऱ्या माणसाने घरी येताच कपडे बदलावेत, ते निराळे धुवावेत, आणि अंघोळ झाल्यावाचून तान्ह्याला उचलून घेऊ नये. परसातील मुळा, रताळी इत्यादी कंद स्वच्छ धुऊन व सोलून खावेत. मुलांना उपाशीपोटी ठेवू नये. ज्या शरीरात लोह व कॅल्शियम यांची उणीव असते, ते शिसे अधिक शोषून घेते. म्हणून दूध, नाचणी, तीळ, डाळी, पालेभाज्या आणि मासळी ताटात असावी. गरोदर बायकांना डोहाळ्यांत माती किंवा चुलीची खपली खावीशी वाटते, त्याला आपल्याकडे कौतुकाने पाहिले जाते. खाणीच्या गावी ती खोड घातक आहे, आणि इतरत्रही ती अंगात रक्त कमी असल्याची खूण असू शकते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी शिशाची खाण नाही. भारतातील शिशाच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत. उदयपूरजवळ झावर येथे तर शेकडो वर्षांपूर्वी धातू गाळल्याच्या खुणा अजून दिसतात. गोव्यातील खाणी लोखंडाच्या व मँगनीजच्या, आणि त्यांचे प्रश्न निराळे. पण शिसे आपल्या दाराशी दुसऱ्या वाटांनी येते. मोटारीची किंवा घरातील इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी परसात फोडून त्यातील शिसे वितळवीत असेल, तर त्या घरापुरती ती एक लहानशी भट्टीच झाली. तेथील मातीवर कोंबड्या चरतात, मुले खेळतात. जुनी बॅटरी सगळीच्या सगळी दुकानदारास परत द्यावी. जुन्या दारांखिडक्यांचा रंग घासून काढताना मुलांना दूर ठेवावे, कारण पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास घालीत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षास ९० भागांची मर्यादा २०१७ पासून आली. भांड्यांना कल्हई लावून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्यास विचारून घ्यावे. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, आणि त्याचा लाभ रस्त्याकाठच्या लाखो मुलांना झाला. योग्य जागी केलेला बंदोबस्त किती गुण देतो, हे त्यावरून कळते.

शेवटी शिक्षकांना व आईबापांना एक विनंती. ज्या मुलाचे चित्त ठरत नाही, जे वारंवार पोट दुखते म्हणते, जे फिकट दिसते, ज्याला काल शिकविलेले आज आठवत नाही, त्याला मठ्ठ म्हणण्याआधी थोडे थांबा. कारणे पुष्कळ असू शकतात: जंत असतील, डोळे अधू असतील, कान मंद असतील, सकाळची न्याहारी मिळाली नसेल. त्या यादीत शिशाचेही नाव असू द्या. शेजारी बॅटऱ्या फोडण्याचा किंवा धातू वितळविण्याचा धंदा चालत असेल, बाप तसल्या कारखान्यात कामाला असेल, घरातील जुन्या रंगाचे पोपडे मूल तोंडात घालीत असेल, तर ही माहिती डॉक्टरांना न विचारता आपण होऊन सांगा आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घेण्याविषयी त्यांचा सल्ला घ्या. त्यासाठी थोडेसेच रक्त लागते. प्रमाण अधिक निघाले तर आधी त्याचे मूळ शोधा, आणि ते मिटेपर्यंत मुलाला तेथून दूर ठेवा.